बाकी पानं जागेवर, एकच घसरलं: शोध कुठून सुरू करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शेती आणि सरकारी योजनांवरचं मराठी संकेतस्थळ. त्यातलं 'सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढायचा' हे पान बराच काळ गूगलवर पहिल्या पाचांत होतं, आणि महिन्याभरात निकालांच्या तिसऱ्या पानावर गेलं. बाकीचे लेख जिथल्या तिथे आहेत. गूगलकडून कसलीही सूचना नाही. तुम्ही शीर्षक दोनदा बदललं, मजकुरात कीवर्ड वाढवले आणि आता कोणीतरी पन्नास बॅकलिंक, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून तुमच्या पानाकडे येणारे दुवे, विकत घ्यायला सांगतंय.

बॅकलिंकचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. शीर्षकालाही आता हात लावू नका. रोज काहीतरी बदलत राहिलात तर कशामुळे काय झालं हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही. एकच पान पडलंय ही तशी बरी बातमी आहे. अख्खं संकेतस्थळ खाली जातं तेव्हा कारणं पसरलेली असतात आणि महिनोन्‌महिने हाती लागत नाहीत. एकट्या पानाचं कारण त्याच्या आसपासच सापडतं. फक्त ते पानाच्या आतच असेल असं धरून चालू नका. पुष्कळदा पान जसंच्या तसं असतं आणि त्याची जागा दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असते: सरकारी पोर्टलनं, एखाद्या व्हिडिओनं, नाहीतर तुमच्याच दुसऱ्या लेखानं. म्हणून पानात काय चुकलं हे शोधायच्या आधी मी त्या जागेवर आता कोण बसलंय ते पाहतो.

पण त्याच्याही आधी एक खात्री करून घ्यायची: पान खरंच घसरलंय का?

स्वतःच्या मोबाइलवर शोधून पाहिलेलं स्थान हा पुरावा नाही. पुण्यातून दिसणारे निकाल आणि लातूरमधून दिसणारे निकाल सारखे नसतात, आणि इन्कॉग्निटो खिडकी उघडली म्हणून तुमचं ठिकाण लपत नाही. सर्च कन्सोल (संकेतस्थळाच्या मालकाला शोधातली आकडेवारी दाखवणारं गूगलचं साधन) उघडा, परफॉर्मन्स अहवालात शोधाचा प्रकार 'वेब' ठेवा आणि त्या एका पानाचा फिल्टर लावा. तिथे १६ महिन्यांची आकडेवारी असते. म्हणजे गेल्या महिन्याशी तुलना करण्याऐवजी गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करता येते, आणि तुमच्या विषयात ती तशीच करायला हवी. खरिपाच्या तोंडावर पीककर्ज आणि पीकविम्यासाठी सातबारा लागतो, तेव्हा शोध वाढतात, पुढे ओसरतात. इम्प्रेशन्स (पान निकालांत किती वेळा दिसलं तो आकडा) कमी झाली पण स्थान तेच राहिलं, तर लोकांनी शोधणं कमी केलंय, पान कुठेही गेलेलं नाही.

डिस्कव्हर म्हणजे काही न शोधताच गूगल मोबाइलवर समोर आणतं ते लेख; त्याचा अहवाल वेगळा असतो, त्याची सरमिसळ करू नका. मराठी संकेतस्थळांवर डिस्कव्हरमधून अचानक लोंढा येतो आणि तसाच अचानक आटतो. मग 'रँकिंग गेलं' म्हणून फोन येतात. शोधातल्या स्थानाचा त्याच्याशी संबंध नसतो.

'सरासरी स्थान' हा आकडा तर भल्याभल्यांना चकवतो. समजा, पान एका क्वेरीसाठी, म्हणजे लोकांनी शोधताना टाइप केलेल्या शब्दांसाठी, तिसऱ्या जागी आहे आणि हजार वेळा दिसतं. उद्या गूगलनं तेच पान दुसऱ्या एखाद्या क्वेरीसाठी तेहतिसाव्या जागी हजार वेळा दाखवायला सुरुवात केली, तर सरासरी थेट १८ होते. पहिल्या क्वेरीत काहीही हललेलं नाही, उलट पानाला नवी ओळख मिळतेय, पण आलेख कोसळलेला दिसतो. याच्या उलटही होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलनं एका पानावर १०० निकाल मागवण्याची जुनी सोय बंद केली. रँक तपासणारी साधनं तीच सोय वापरत होती. ती थांबल्यावर अनेक संकेतस्थळांची इम्प्रेशन्स एका झटक्यात घटली आणि सरासरी स्थान सुधारल्यासारखं दिसलं. त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

स्थान जागेवर आणि क्लिक कमी, असंही होऊ शकतं. मग तो वेगळा आजार आहे. तुमच्यासारखी कृती सांगणारी पानं याला जास्त बळी पडतात. २०२३ मध्ये गूगलनं 'हाऊ टू' प्रकारचे सजवलेले निकाल काढून टाकले आणि प्रश्नोत्तरांची उघडमीट होणारी पट्टी जवळजवळ सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या संकेतस्थळांपुरती ठेवली. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात इंग्रजी आणि हिंदीतून एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयनं लिहिलेल्या उत्तराची चौकट, आले, पुढे आणखी भाषांत पसरले. त्यातल्या सगळ्या दुव्यांना सर्च कन्सोल एकच स्थान देतं, त्या चौकटीचं. म्हणजे तुमचं पान त्या चौकटीत एका कोपऱ्यात असलं तरी आकडा छान दिसेल आणि क्लिक मात्र येणार नाहीत.

तुमच्या बाबतीत स्थानच गेलंय, असं धरून पुढे जातो.

सर्च कन्सोलमध्येच वर पत्ता टाकून यूआरएल इन्स्पेक्शन करा. पान तिसऱ्या पानावर का होईना दिसतंय, म्हणजे इंडेक्समधून (गूगलनं साठवलेल्या पानांच्या सूचीतून) गेलेलं नसावं. पण दिसणारा पत्ता तुमच्या मूळ लेखाचाच आहे ना? 'गूगलने निवडलेला कॅनॉनिकल' ही ओळ वाचा. एकाच मजकुराचे अनेक पत्ते असतील तेव्हा मूळ मानला जाणारा पत्ता म्हणजे कॅनॉनिकल. कॅनॉनिकल टॅग फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून आणला. तो गूगलसाठी इशारा आहे, हुकूम नाही. तुम्ही एक पत्ता सांगितला तरी गूगल दुसरा निवडू शकतं: जुन्या एएमपी (मोबाइलसाठीच्या हलक्या) आवृत्तीचा, शेअर करताना शेपूट जोडलेला, छपाईसाठीचा, किंवा तुमचा लेख उचलून जसाच्या तसा छापणाऱ्या दुसऱ्याच संकेतस्थळाचा. ही शेवटची गोष्ट मराठीत फार होते. तुम्ही स्वतः एखाद्या बातम्यांच्या ॲपला लेख दिला असेल, तर त्यांच्याकडच्या प्रतीवर नोइंडेक्स ('हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका' ही खूण) लावून घ्या. लेख वाटून देणाऱ्यांनी नुसत्या कॅनॉनिकलवर विसंबू नये, भागीदाराकडची प्रत इंडेक्सबाहेर ठेवावी, असं गूगलही २०२३ पासून सांगतंय.

पान पूर्णच गायब झालं असतं, तर आधी नोइंडेक्स शोधायला सांगितलं असतं. एसईओ प्लगइनमध्ये प्रत्येक लेखाखाली ती खूण असते आणि संपादन करताना चुकून दाबली जाते. ती सर्व्हरच्या हेडरमधूनही जाऊ शकते, त्यामुळे पानाच्या एचटीएमएलमध्ये दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. आणि रोबोट्‌स फाइलनं (गूगलनं काय वाचू नये हे सांगणाऱ्या फाइलनं) पान अडवलं तर गूगल ते वाचायचं थांबतं, इंडेक्समधून काढतंच असं नाही. दोन्ही एकदम लावणारे तर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात, कारण अडवलेल्या पानावरचं नोइंडेक्स गूगलला वाचताच येत नाही.

इन्स्पेक्शनमध्ये 'क्रॉल केलेलं पान पाहा' असं बटण आहे (क्रॉल म्हणजे गूगलच्या यंत्रणेनं येऊन पान वाचणं). ते दाबून गूगलला मिळालेलं एचटीएमएल उघडा आणि त्यात तुमच्या लेखातलं एखादं मधलं वाक्य शोधा. गूगल आता मोबाइलवर दिसणारं पान प्रमाण मानतं. २०१६ मध्ये जाहीर झालेलं हे स्थित्यंतर २०२३ मध्ये पूर्ण झालं. थीम बदलल्यावर जिल्ह्यांचा मोठा तक्ता मोबाइलवरून गाळला गेला असेल, तर तो गूगलच्या लेखीही गेला. मजकूर घडी घालून ठेवलेला असेल तर हरकत नाही, जोवर तो एचटीएमएलमध्ये आहे. पण 'अधिक वाचा' दाबल्यावरच सर्व्हरवरून येत असेल, तर गूगल ते बटण दाबत नाही.

ही तपासणी दहा मिनिटांची आहे. खरं काम यापुढे.

पानाला स्वतःचं असं रँकिंग नसतं, प्रत्येक क्वेरीसाठी वेगळं असतं. पानाचा फिल्टर तसाच ठेवून क्वेरींचा तक्ता उघडा, घसरणीच्या आधीचा आणि नंतरचा महिना समोरासमोर लावा आणि क्लिकमधल्या फरकानुसार क्रम लावा. सगळ्या क्वेरी थोड्याथोड्या उतरल्या असतील तर पानाची पत उतरली आहे: दुवे गेले, मजकूर जुना झाला, किंवा गूगलचं मूल्यमापन बदललं. दोन-तीनच क्वेरी आपटल्या आणि बाकीच्या जागेवर असतील, तर त्या शब्दांमागची लोकांची गरज बदलली आहे, किंवा तिथे नवा स्पर्धक आलाय. या दोन चित्रांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध असतात. हे न पाहता केलेली दुरुस्ती म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

क्वेरी गाळताना मराठीची एक खोच सांभाळा. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना फरक कळत नाही, फिल्टरला कळतो. 'सातबाऱ्यावर'चंही तेच. अशा वेळी फिल्टरमध्ये 'शेतक' किंवा 'सातबा' एवढाच तुकडा घाला, दोन्ही रूपं येतील. शिवाय '७/१२', '7/12', 'सातबारा', 'सात बारा' आणि रोमन लिपीत लिहिलेलं मराठी या सगळ्यांचे आकडे वेगवेगळे बघा. पान यांतल्या एकाच रूपासाठी पडलेलं असू शकतं.

आता ती सगळ्यात जास्त पडलेली क्वेरी घेऊन निकालांचं पान शांतपणे वाचा. पहिले दहा निकाल कोणाचे आहेत? सगळी पोर्टलं आहेत की लेख? व्हिडिओ किती? निकाल ताजे आहेत की जुने?

गरज कशी बदलते याचं अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे लाडकी बहीण योजना. जून २०२४ च्या अखेरीस योजना जाहीर झाली तेव्हा लोकांना पात्रता आणि कागदपत्रं हवी होती. मग अर्ज कसा भरायचा. अर्जाची मुदत वाढत वाढत ऑक्टोबरपर्यंत गेली, तोवर लोक यादीत नाव शोधू लागले होते, नंतर हप्त्याची तारीख. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि शोधणाऱ्यांचा मोर्चा तिकडे वळला. 'लाडकी बहीण योजना' हे तीन शब्द तेच राहिले, त्यामागचा प्रश्न चार-पाचदा बदलला. जुलै २०२४ मध्ये अर्जावर लिहिलेला उत्तम लेख वर्षभरानं खाली गेला असेल, तर त्या लेखात दोष काढण्यात अर्थ नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्नच कोणी विचारत नाही.

तुमच्या सातबाऱ्याचं जरा निराळं आहे. 'सातबारा उतारा ऑनलाइन' असं टाइप करणाऱ्या बहुतेकांना लेख वाचायचाच नसतो. त्यांना महाभूमीच्या पोर्टलवर जाऊन गट क्रमांक टाकायचा असतो. अशा क्वेरीवर सरकारी पोर्टल वर येणं रास्त आहे, आणि खरं सांगायचं तर तुम्ही इतके दिवस वर होतात हेच नवल. तिथे पोर्टलशी झुंजू नका. ज्या प्रश्नांची उत्तरं पोर्टल देत नाही तिथे तुमची जागा आहे: वारसांची नावं कशी लागतात, फेरफार मंजूर होऊनही उताऱ्यावर का दिसत नाही, क्षेत्र चुकलं तर कोणाकडे जायचं, सातबारा आणि आठ-अ यांत फरक काय, फुकट दिसणारी प्रत बँक का घेत नाही आणि पंधरा रुपयांची डिजिटल सहीची प्रत का घेते. क्वेरींच्या तक्त्यात यातलं काय काय आधीच आठव्या-दहाव्या जागी चमकून जातंय ते पाहा. पुढची वाढ तिथून येईल.

जागा बळकावणारा तुमच्याच घरातला असण्याची शक्यता माझ्या मते सगळ्यात जास्त. योजनांवर लिहिणाऱ्यांना दर वर्षी नवा लेख टाकायची सवय असते: 'सातबारा उतारा २०२४', मग '२०२५', मग 'सातबारा मोबाइलवर कसा पाहावा'. एकाच प्रश्नाला तीन लेख उभे राहतात, गूगल कधी एक दाखवतं, कधी दुसरा. तपासायला सोपं आहे: पानाचा फिल्टर काढा, क्वेरीचा लावा आणि 'पानं' हा तक्ता उघडा. जिथे जुन्या पानाची इम्प्रेशन्स खाली आली त्याच आठवड्यापासून दुसऱ्या पानाची वर जात असतील, तर चोर सापडला. सगळ्यात जास्त बाहेरचे दुवे मिळालेला पत्ता ठेवा, बाकीच्यांतलं उपयोगी त्यात ओता आणि त्यांचे पत्ते कायमस्वरूपी रीडायरेक्टनं तिकडे वळवा. जुने लेख नुसते पुसून टाकू नका. रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवा, शक्य असेल तर कायमचेच.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर वर्डप्रेसवाल्या मराठी मंडळींसाठी थोडं आडवळण. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याचा शेवटचा भाग २०० अक्षरांपर्यंतच साठवतं, आणि तोही टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून, त्या रूपात नऊ अक्षरं खातं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं मावतात. 'महाराष्ट्र शासन शेतकरी योजना' असं सुरू होणारं शीर्षक 'महाराष्ट्र-शासन-शेतकरी-य' इथेच तुटतं. तशाच सुरुवातीचा दुसरा लेख टाकलात की त्याच्या पत्त्याला मागे '२' चिकटतो. यानं रँकिंग आपोआप पडत नाही. पण मग कोणीतरी हे तुटके पत्ते नीट करायला घेतं आणि तिथे घोळ होतो. वर्डप्रेस 'पोस्ट'चा जुना पत्ता आपणहून नव्याकडे वळवतं, 'पेज'चा वळवत नाही. आणि पोस्टचा जुना पत्ता उद्या दुसऱ्या लेखाला दिलात, तर ते वळणही बंद होतं. तुमचा लेख 'पेज' म्हणून टाकलेला असेल आणि मधल्या काळात पत्ता बदलला असेल, तर बाकी सगळं सोडून आधी हे बघा.

पान पडलं की लोक बाहेरचे दुवे मोजत बसतात आणि स्वतःच्या घरातले विसरतात. थीम बदलली, 'लोकप्रिय लेख' ही पट्टी मुखपृष्ठावरून गेली, लेखाखालचं 'हेही वाचा' बंद झालं, आणि कालपर्यंत शंभर पानांवरून दुवा मिळणारं पान आता वर्गवारीच्या चौदाव्या पानावरूनच सापडतं. मजकूर तोच, पत्ता तोच. पण संकेतस्थळ स्वतःच त्या पानाला महत्त्व देईनासं झालंय, आणि गूगल ते ओळखतं. सर्च कन्सोलच्या दुव्यांच्या अहवालात अंतर्गत दुव्यांचा आकडा मिळतो. तुमच्या इतर चालत्या लेखांच्या तुलनेत या पानाचा आकडा पाहा. एकच पान पडलं असेल आणि त्याच सुमारास संकेतस्थळाचं रूप बदललं असेल, तर मी पैज इथे लावीन.

बाहेरचे दुवेही जातात. एखाद्या वृत्तपत्रानं जुनी बातमी काढली, एखाद्या कृषी महाविद्यालयानं संकेतस्थळ नव्यानं बांधलं, आणि तुमच्या पानाला असलेला एकमेव वजनदार दुवा नाहीसा झाला. असा दुवा कळला तर त्या संस्थेला लिहा, नवीन पानावर पुन्हा द्या म्हणून विनंती करा. विकतच्या पन्नास दुव्यांनी ती उणीव भरत नाही. एप्रिल २०१२ च्या गूगलच्या पेंग्विन अपडेटमध्ये असल्या दुव्यांवर उभी असलेली संकेतस्थळं कोसळली. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मूळ यंत्रणेचा भाग झालं, आणि आता असे दुवे बहुधा नुसते दुर्लक्षिले जातात. म्हणजे पैसे पाण्यात. कोणी 'विषारी दुवे' नाकारायची यादी पाठवा म्हणून मागे लागलं, तर तेही राहू द्या; दुव्यांवरून गूगलची कारवाई झालेली नसताना बहुतेकांना त्याची गरज नसते.

दुव्यांच्या शब्दांवर एखादं पान कसं चढतं आणि कसं उतरतं, याचा गाजलेला किस्सा अमेरिकेतला आहे. २००३ च्या सुमारास खोडसाळ मंडळींनी 'घोर अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे दुवे जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाऊसवरच्या परिचयाच्या पानाला दिले, आणि ते शब्द शोधल्यावर तेच पान पहिलं येऊ लागलं. जानेवारी २००७ मध्ये गूगलनं यावर उतारा काढला आणि पान गेलं. गंमत पुढे आहे. काही महिन्यांनी त्या पानाच्या मजकुरातच 'अपयश'साठीचा शब्द आला आणि त्या एका शब्दासाठी पान काही काळ पुन्हा वर आलं. दुव्यातले शब्द आणि पानावरचे शब्द यांचा मेळ किती मोलाचा असतो ते यात दिसतं. तुम्ही शीर्षक दोनदा बदललंत, तेव्हा कुठला शब्द काढून टाकलात ते आठवा. लोक तुम्हाला 'सातबारा' म्हणून दुवा देत असतील आणि तुम्ही सगळीकडे 'अधिकार अभिलेख' असं सरकारी नाव केलं असेल, तर तो शब्द आधी परत आणा.

मजकूर शिळा होण्याचं कारण सातबाऱ्याच्या पानाला नक्की लागू पडतं. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे. तुमच्या पानावर अजून जुन्या नमुन्याचं चित्र आणि 'पिकाची नोंद तलाठी करतात' असं वाक्य असेल, तर वाचणारा अर्ध्यावरून परत जाऊन दुसरा निकाल उघडतो. दुरुस्ती म्हणजे ही वाक्यं आणि चित्रं बदलणं. वरची तारीख बदलणं नव्हे. मजकूर तोच ठेवून तारीख ताजी करण्याला गूगलनं आपल्या मार्गदर्शनात नाव घेऊन नापसंती दर्शवली आहे, आणि वाचकालाही ते दुसऱ्या ओळीत कळतं.

कोअर अपडेटचं, म्हणजे गूगलच्या क्रमवारीच्या यंत्रणेतल्या मोठ्या बदलांचं, काय? वर्षातून काही वेळा ती येतात, आणि सुरुवात-शेवटाच्या तारखा गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर असतात. मार्च २०२४ चं अपडेट ५ मार्चला सुरू झालं आणि पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले. चालू असताना काढलेले निष्कर्ष फुकट जातात. संपल्यावर आठवडाभर थांबा, मग अपडेटच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा लावून पाहा. दुसऱ्यावरून चौथ्या जागी गेलात तर काहीही करू नका. चौथ्यावरून एकोणतिसाव्या जागी गेलात तर विचार करा, असं गूगलचंच सांगणं आहे, आणि ते मला पटतं. अशा अपडेटचा फटका सहसा पानांच्या गटाला बसतो. एकटंच पान पडून बाकी सगळी तगली असतील, तर तारखा जुळल्या तरी मी अपडेटला शेवटचा संशयित मानतो.

वेगाबद्दल इतकंच की तो बहुतेकदा निरपराध असतो. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, वगैरे मापं आहेत, ती पाळलेली बरी. पण सगळी पानं एकाच थीमवर आणि एकाच सर्व्हरवर असताना वेगामुळे एकच पडेल कसं? त्या पानावर कोणी अवाढव्य चित्रं किंवा जाहिरातींचा थर चढवला असेल, तरच तिकडे वळा. सर्च कन्सोलमधला मॅन्युअल ॲक्शनचा (गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईचा) रकाना एकदा उघडून पाहा, कधीकधी कारवाई काही पानांपुरतीच असते. कॉपीराइटच्या तक्रारीवरूनही एखादं पान निकालांतून काढलं जातं.

तुमच्याकडून मी पुढचं काम या क्रमानं करून घेईन. आधी क्वेरींचा तक्ता उतरवून ठेवा, जुन्या शीर्षकासकट. मग सातबाऱ्यावरचे सगळे लेख एका कागदावर लिहा आणि त्यांतले किती एकत्र करता येतात ते ठरवा. एकत्र केल्यावर मजकुरातली शिळी माहिती काढा, पोर्टल ज्यांची उत्तरं देत नाही ते चार-पाच प्रश्न आत आणा, शीर्षक पूर्वीसारखं करा, आणि तुमच्या सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या आठ-दहा लेखांतून, जिथे ओघात सातबाऱ्याचा उल्लेख येतो तिथून, या पानाला दुवे द्या. इन्स्पेक्शनमधून इंडेक्सिंगची विनंती एकदाच करा. तीच विनंती रोज केल्यानं रांगेत नंबर पुढे जात नाही. शेवटच्या क्रॉलची तारीख तुमच्या बदलानंतरची दिसेपर्यंत आकडे उघडू नका. ती दिसली की पुढे तीन-चार आठवडे पानाला हात न लावता फक्त त्या पडलेल्या दोन-तीन क्वेरींचं स्थान नोंदवत राहा. पोर्टलकडे गेलेली मुख्य क्वेरी परत आली नाही आणि वारस, फेरफार, आठ-अ यांवरची इम्प्रेशन्स चढू लागली, तर काम नीट चाललंय असं समजा.